समोरचा ऑल-इन गेलाय आणि तुमचा कलर एका पानावर अडलाय. कॉल करायचा की पॅक?

टेबलावर १००० रुपयांच्या चिप्स पडल्यात. तुमच्या हातात बदामची नव्वी आणि अठ्ठी आहे. मधे उघडलेल्या चार पानांत दोन बदाम आहेत. म्हणजे शेवटचं पान बदामचं आलं की तुमचा कलर झाला. तेवढ्यात समोरचा आपल्या उरलेल्या सगळ्या चिप्स, म्हणजे ५०० रुपये, पुढे ढकलतो आणि म्हणतो, "ऑल-इन".

आता काय करायचं?

पोकर खेळणाऱ्यांपैकी काही जण इथे म्हणतात, "इथवर आलोय तर शेवटचं पान बघूनच घेऊ." काही जण म्हणतात, "हातात अजून काही बनलेलंच नाही, पैसे कशाला घालवायचे?" पहिला कॉल करतो, दुसरा पत्ते टाकतो. गंमत म्हणजे दोघांनीही हिशोब केलेला नसतो. एकाने हौसेवर निर्णय घेतला, दुसऱ्याने भीतीवर.

खरं तर या प्रश्नाचं उत्तर पाचवीच्या गणितात बसतं. दोन आकडे काढायचे आणि शेजारी ठेवायचे. एक आकडा सांगतो की कॉल किती महाग आहे. दुसरा सांगतो की तुमचं पान यायची शक्यता किती आहे. शक्यता जास्त असेल तर कॉल, किंमत जास्त असेल तर पॅक. चला, हे दोन्ही आकडे कसे काढायचे ते नीट समजून घेऊ.

आधी खेळ थोडक्यात

इथे आपण टेक्सस होल्डेम या प्रकाराबद्दल बोलतोय. पोकरचा जगात सगळ्यात जास्त खेळला जाणारा प्रकार हाच. प्रत्येकाला दोन पानं मिळतात, ती फक्त त्यालाच दिसतात. मग टेबलाच्या मधोमध सगळ्यांसाठी पाच पानं उघडतात. आधी एकदम तीन, त्याला फ्लॉप म्हणतात. मग चौथं, ते टर्न. मग पाचवं, ते रिव्हर. हातातली दोन आणि मधली पाच अशा सात पानांतून ज्याची पाच पानं सगळ्यात भारी, तो जिंकतो.

तीन पत्ती खेळला असाल तर अर्धं काम झालंच. तिथला कलर म्हणजे इथला फ्लश, फक्त तीनऐवजी एकाच रंगाची पाच पानं लागतात. तिथला सिक्वेन्स म्हणजे इथला स्ट्रेट, तोही पाच पानांचा. तिथे आपण पॅक म्हणतो, इथे फोल्ड.

मधे जमा झालेल्या पैशांना पॉट म्हणतात. आणि ज्या हातात अजून काही बनलेलं नाही, पण एखादं पान आलं तर भारी हात बनेल, त्याला ड्रॉ म्हणतात. वरच्या उदाहरणात तुमच्याकडे चार बदाम आहेत आणि पाचव्याची वाट आहे, म्हणजे तुमच्याकडे फ्लश ड्रॉ आहे.

पहिला आकडा: कॉल किती महाग आहे?

पॉटमध्ये १००० होते. समोरच्याने ५०० टाकले. तुम्हाला कॉल करायला ५०० लागतील. तुम्ही कॉल केलात की एकूण पॉट होईल २००० चा.

म्हणजे २००० च्या पॉटमध्ये या घडीला तुम्ही ५०० घालताय. हा झाला चौथा हिस्सा, २५ टक्के. याचा अर्थ असा की चारपैकी किमान एकदा तुम्ही जिंकायला हवं, तरच हा कॉल ना नफा ना तोटा या पातळीवर येतो. याहून कमी वेळा जिंकत असाल तर कॉल तोट्याचा.

सूत्र एवढंच: तुम्हाला भरावी लागणारी रक्कम, भागिले कॉलनंतरचा एकूण पॉट.

दर वेळी भागाकार करायचा नसेल तर काही आकडे पाठ ठेवले तरी चालतं. ऑल-इन पॉटच्या किती पट आहे ते बघा:

- पॉटच्या पाव पट ऑल-इन असेल तर लागणारी शक्यता साधारण १७ टक्के
- अर्धा पॉट असेल तर २५ टक्के
- पॉटच्या दोन तृतीयांश असेल तर साधारण २९ टक्के
- पॉटएवढाच असेल तर साधारण ३३ टक्के
- पॉटच्या दुप्पट असेल तर ४० टक्के

इथे एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. समोरच्याने ५००० ढकलले आणि तुमच्यासमोर ५०० च्याच चिप्स असल्या, तर तुमच्यासाठी तो ऑल-इन ५०० चाच आहे. बाकीचे त्याला परत मिळतात. त्यामुळे मोठ्या ढिगाऱ्याकडे बघून घाबरायचं कारण नाही. दोघांपैकी ज्याच्याकडे कमी आहे, तोच आकडा हिशोबात धरायचा.

दुसरा आकडा: कामाची पानं किती?

ज्या पानाने तुमचा हात जिंकणारा होतो, त्याला पोकरमध्ये आउट म्हणतात. आउट्स मोजणं सोपं आहे.

एका रंगाची पानं १३. त्यातली चार बदामची पानं तुम्हाला दिसतायत, दोन हातात आणि दोन मधे. उरली ९. म्हणजे फ्लश ड्रॉला ९ आउट्स.

तुमच्याकडे सहा, सात, आठ, नऊ अशी सलग चार पानं असतील तर पंजी आली तरी चालते आणि दश्शी आली तरी चालते. चार पंज्या, चार दश्श्या, एकूण ८ आउट्स. दोन्ही बाजूंनी उघडा असलेला हा स्ट्रेट ड्रॉ.

पण पाच, सहा, आठ, नऊ असतील आणि मधली सत्तीच हवी असेल तर आउट्स फक्त ४. याला गटशॉट म्हणतात.

आता या पानांची शक्यता किती? टर्नवर तुम्हाला एकूण सहा पानं दिसतायत, दोन तुमची आणि चार मधली. ५२ मधून ६ गेली, राहिली ४६. त्यातली ९ तुमच्या कामाची. म्हणजे ४६ पैकी ९, साधारण १९.६ टक्के.

टेबलावर बसून हे करायला एक सोपी युक्ती आहे. एकच पान यायचं बाकी असेल तर आउट्सला २ ने गुणा. दोन पानं यायची असतील तर ४ ने गुणा. जे उत्तर येईल ती ढोबळ टक्केवारी. खरे आकडे असे आहेत:

- गटशॉट, ४ आउट्स: दोन पानं बाकी असताना १६.५ टक्के, एक बाकी असताना ८.७ टक्के
- उघडा स्ट्रेट ड्रॉ, ८ आउट्स: ३१.५ टक्के आणि १७.४ टक्के
- फ्लश ड्रॉ, ९ आउट्स: ३५ टक्के आणि १९.६ टक्के
- फ्लश आणि उघडा स्ट्रेट ड्रॉ एकत्र, १५ आउट्स: ५४.१ टक्के आणि ३२.६ टक्के

शेवटच्या ओळीत ९ आणि ८ मिळून १७ का नाही, असं वाटेल. कारण स्ट्रेट पूर्ण करणाऱ्या पानांपैकी दोन पानं त्याच रंगाची असतात, ती फ्लशच्या मोजणीत आधीच आलेली आहेत. ती दोनदा मोजायची नाहीत. आणि बघा, १५ ला ४ ने गुणलं तर ६० येतात, खरा आकडा ५४ आहे. आउट्स जास्त असले की युक्तीचं उत्तर थोडं फुगतं.

आता दोन्ही आकडे शेजारी ठेवा

आपल्या डावात लागत होते २५ टक्के. हातात आहेत १९.६ टक्के. उत्तर: पॅक.

फरक फक्त पाच टक्क्यांचा आहे, एवढ्याने काय होतंय, असं वाटत असेल तर हे बघा. समजा शेवटच्या पानाच्या जागी उरलेली सगळी ४६ पानं एकेक करून आली. त्यातल्या ९ वेळा तुम्ही जिंकाल आणि दर वेळी १५०० मिळतील, म्हणजे १३,५००. उरलेल्या ३७ वेळा ५०० जातील, म्हणजे १८,५००. एकूण तोटा ५०००. दर कॉलमागे जवळपास १०९ रुपये गेले. ५०० च्या कॉलवर १०९ म्हणजे पाचवा हिस्सा वाया.

आता याच डावात एकच गोष्ट बदलूया. समोरच्याचा ऑल-इन ५०० ऐवजी ३०० चा होता. पानं तीच, आउट्स तेच. जिंकलात तर १३०० मिळतील. ९ वेळा १३०० म्हणजे ११,७००. ३७ वेळा ३०० म्हणजे ११,१००. आता ६०० चा फायदा. निर्णय उलटा झाला!

म्हणून "फ्लश ड्रॉवर कॉल करावा का?" या प्रश्नाला उत्तरच नाही. "या किमतीला करावा का?" असं विचारलं तर उत्तर आहे. बाजारात हापूसची पेटी घ्यावी का, हे जसं भाव कळल्याशिवाय ठरत नाही, तसंच हे.

तोच ड्रॉ, पण फ्लॉपवर

आता समजा ऑल-इन टर्नवर न येता फ्लॉपवरच आला. मधे तीनच पानं आहेत, बदामचा राजा, बदामची चौकी आणि इस्पिकची दुर्री. पॉट १००० आणि समोरचा पूर्ण १००० चा ऑल-इन गेलाय. लागणारी शक्यता ३३.३ टक्के. अजून दोन पानं यायचीत, म्हणून तुमच्याकडे ३५ टक्के आहेत. कॉल थोडक्यात फायद्याचा.

शंभर वेळा हाच डाव आला तर ३५ वेळा २००० मिळतील, म्हणजे ७०,०००. ६५ वेळा १००० जातील, म्हणजे ६५,०००. दर कॉलमागे ५० रुपयांचा फायदा.

इथे नवीन खेळाडू एक चूक हमखास करतात. ही ३५ टक्क्यांची शक्यता तुम्हाला दोन्ही पानं बघायला मिळणार असतील तरच खरी आहे. समोरचा ऑल-इन गेला की पुढे बोली लागणार नाही, त्यामुळे दोन्ही पानं नक्की दिसतात आणि ४ ने गुणणं बरोबर ठरतं. पण फ्लॉपवर त्याने साधी बोली लावली असेल आणि त्याच्याकडे अजून चिप्स असतील, तर टर्नवर तो पुन्हा बोली लावणार. म्हणजे त्या पहिल्या कॉलमध्ये तुम्ही एकाच पानाचे पैसे भरताय. तिथे २ ने गुणायचं, ४ ने नाही.

आणखी एक खर्च लोक विसरतात. कॅसिनो प्रत्येक पॉटमधून आपला वाटा कापून घेतो, त्याला रेक म्हणतात. वरच्या ३००० च्या पॉटमधून समजा १०० कापले गेले, तर जिंकल्यावर हातात २००० ऐवजी १९०० येतील. तेवढ्यानेच दर कॉलचा फायदा ५० वरून १५ वर येतो. काठावरचे कॉल रेक खाऊन टाकतो.

सगळी आउट्स खरी नसतात

इथपर्यंत आपण धरून चाललो होतो की आपलं पान आलं की आपण जिंकलो. तसं दर वेळी होत नाही.

समजा तुमच्याकडे इस्पिकची नव्वी-अठ्ठी आहे आणि फ्लॉपवर बदामची सत्ती, बदामची छक्की आणि किलवरची दुर्री आहे. तुमचे ८ आउट्स. पण त्यातली बदामची पंजी किंवा बदामची दश्शी आली तर मधे तीन बदाम होतील. समोरच्याकडे दोन बदाम असतील तर तुमचा स्ट्रेट बनेल आणि तुम्ही हरालही. अशा वेळी ८ ऐवजी ६ च धरणं शहाणपणाचं.

दुसरा धोका मधल्या पानांत जोडी लागण्याचा. समोरच्याकडे एकाच आकड्याची तीन पानं असतील आणि मधे कुठलीही जोडी लागली तर त्याचं फुल हाऊस होतं, आणि ते फ्लशला हरवतं. त्यामुळे फ्लॉपवर साध्या जोडीसमोर ३५ टक्क्यांच्या आसपास असलेला फ्लश ड्रॉ तीन सारख्या पानांसमोर साधारण २५ टक्क्यांवर घसरतो.

तिसरा धोका सगळ्यात वाईट. तुमचे दोन बदाम नव्वी-अठ्ठी आणि समोरच्याचे दोन बदाम एक्का-राणी. तुम्ही बदामची वाट बघताय आणि बदाम आला की तोच जिंकतोय. म्हणून लहान पानांचा फ्लश ड्रॉ आणि एक्क्याचा फ्लश ड्रॉ एकाच तराजूत तोलता येत नाहीत.

उलटंही होतं. तुमच्या हातात बदामचा एक्का असेल आणि समोरच्याकडे फक्त राजाची जोडी असेल, तर उरलेले तीन एक्केही तुम्हाला जिंकवू शकतात. ९ चे १२ आउट्स होतात आणि फ्लॉपवरची शक्यता ४५ टक्क्यांपर्यंत जाते.

मग समोरच्याकडे आहे तरी काय?

त्याची पानं दिसत नाहीत, पण त्याने आतापर्यंत काय केलं ते दिसलंय. अनुभवी खेळाडू एकच हात ओळखायचा प्रयत्न करत नाहीत. ते म्हणतात, "हा माणूस असं खेळतो तेव्हा दहापैकी साधारण किती वेळा त्याच्याकडे काय असतं?"

पुन्हा फ्लॉपवरचा १००० चा ऑल-इन घ्या. समजा तुमच्या अंदाजाने दहापैकी सात वेळा त्याच्याकडे राजाची जोडी आहे, तिथे तुम्ही ३५ टक्के वेळा जिंकता. तीन वेळा त्याच्याकडे तीन सारखी पानं आहेत, तिथे २५ टक्के. सरासरी काढली तर ३२ टक्के येते. लागत होते ३३.३. म्हणजे जो कॉल मघाशी फायद्याचा होता, तो आता तोट्याचा झाला.

म्हणून गेले दोन तास प्रत्येक डावात पॅक करणारा शांत माणूस अचानक ऑल-इन गेला तर आउट्स थोडे कमी करून मोजा. आणि हातात काहीही असताना चिप्स ढकलणारा उतावळा खेळाडू असेल तर तेवढी कपात करायची गरज नाही.

फ्लश आणि स्ट्रेट असा दुहेरी ड्रॉ असेल तर मात्र मामला सोपा होतो. एका जोडीसमोर फ्लॉपवर ५४ टक्के, आणि तीन सारख्या पानांसमोरही चाळीसच्या आसपास. समोर एकच खेळाडू असेल तर ऑल-इन कितीही मोठा असला तरी लागणारी शक्यता ५० च्या वर जात नाही. त्यामुळे कॅश गेममध्ये असा हात क्वचितच टाकावा लागतो.

ऑल-इन जाणं वेगळं, ऑल-इनला कॉल करणं वेगळं

"मोठे खेळाडू तर ड्रॉवर बिनधास्त ऑल-इन जातात, मग मी कॉल का नको करू?" हा प्रश्न अनेकांना पडतो. याचं उत्तर २००३ च्या एका गाजलेल्या डावात आहे.

लास वेगासला दरवर्षी वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर होते. २००३ मध्ये तिथे क्रिस मनीमेकर नावाचा हौशी खेळाडू शेवटच्या दोघांत पोहोचला. पेशाने तो अकाउंटंट होता आणि ८६ डॉलरच्या एका ऑनलाइन स्पर्धेतून त्याने या स्पर्धेचं तिकीट मिळवलं होतं. समोर होता सॅमी फारहा, मुरलेला व्यावसायिक.

एका डावात मनीमेकरकडे इस्पिकचा राजा आणि बदामची सत्ती होती. टर्नपर्यंत मधे इस्पिकची नव्वी, चौकटची दुर्री, इस्पिकची छक्की आणि इस्पिकची अठ्ठी आली. म्हणजे त्याच्याकडे फ्लश ड्रॉ आणि स्ट्रेट ड्रॉ दोन्ही. रिव्हरला आली बदामची तिर्री. काहीच बनलं नाही. मनीमेकर ऑल-इन गेला. फारहाकडे नव्वीची जोडी होती, तोच पुढे होता. पण बराच वेळ विचार करून त्याने पत्ते टाकले. मनीमेकरने पुढे ती स्पर्धा आणि २५ लाख डॉलर जिंकले.

इथे महत्त्वाचं काय? ऑल-इन जाणाऱ्याकडे जिंकायचे दोन रस्ते असतात. समोरचा पॅक करेल, किंवा आपलं पान येईल. मनीमेकरचं पान आलं नाही, तरी पहिला रस्ता शिल्लक होता. पण समोरच्याच्या ऑल-इनला कॉल करणाऱ्याकडे एकच रस्ता उरतो: पान यायलाच हवं. कारण समोरचा आता पॅक करूच शकत नाही. म्हणून ज्या ड्रॉवर स्वतः ऑल-इन जाणं ठीक असतं, त्याच ड्रॉवर ऑल-इनला कॉल करणं चुकीचं असू शकतं.

"पान आलं तर पुढे खूप मिळेल" हे इथे चालत नाही

दुसरा गोंधळ होतो तो पुढच्या पैशांचा. १९८० च्या वर्ल्ड सिरीजच्या शेवटच्या डावात स्टू उंगरकडे पाच-चार होते आणि डॉयल ब्रन्सनकडे एक्का-सात. फ्लॉपवर एक्का, सत्ती आणि दुर्री. ब्रन्सनच्या दोन जोड्या झाल्या. उंगरकडे फक्त गटशॉट, तिर्री आली तरच स्ट्रेट. टर्नवर एका पानाची शक्यता नऊ टक्क्यांहूनही कमी. तरी उंगर डावात राहिला, तिर्री आली, मग ब्रन्सनच्या सगळ्या चिप्स मधे गेल्या आणि उंगर जगज्जेता झाला.

हे नशीब होतंच, पण वेडेपणा नव्हता. फ्लॉपवर दोघांकडेही चिप्स शिल्लक होत्या. पान आलं तर समोरच्याकडून आणखी मोठी रक्कम मिळण्याची आशा होती, त्यामुळे तेव्हाचा कॉल स्वस्त पडत होता.

ऑल-इनमध्ये ही सोय नसते. समोरच्याकडे द्यायला काही उरलेलंच नाही. मधे जे आहे तेवढंच मिळणार. म्हणून फ्लॉपवरच्या छोट्या बोलीला गटशॉटवर केलेला कॉल कधीकधी योग्य असतो, पण ऑल-इनला गटशॉटवर कॉल करणं जवळपास कधीच परवडत नाही.

स्पर्धेत गणित बदलतं

कॅश गेममध्ये १००० च्या चिप्स म्हणजे १००० रुपये. स्पर्धेत तसं नसतं. तिथे चिप्स संपल्या की तुम्ही बाहेर, आणि चिप्स दुप्पट झाल्या म्हणून बक्षीस दुप्पट होत नाही.

टोकाचं उदाहरण घेऊ. एका पात्रता स्पर्धेत पहिल्या दहा जणांना सारखंच तिकीट मिळणार आहे आणि ११ जण उरलेत. तुमच्याकडे बऱ्यापैकी चिप्स आहेत, दोघातिघांकडे अगदीच कमी. अशा वेळी तुम्हाला बाहेर काढू शकेल असा ऑल-इन आला आणि तुमच्याकडे ५४ टक्क्यांचा दुहेरी ड्रॉ असला, तरी पॅकच बरोबर. जिंकलात तरी तिकीट एकच मिळणार. हरलात तर तेही गेलं. गप्प बसलात तर कमी चिप्सवाला कुणीतरी आधी बाहेर जाण्याचीच शक्यता जास्त.

डोकं कुठे फसतं?

गणित कळूनही लोक चुकीचे कॉल करतात, त्याची तीन नेहमीची कारणं आहेत.

एक, "यात आधीच माझे ४०० गेलेत." ते ४०० आता तुमचे नाहीत, ते पॉटचे झाले. पॉट मोजताना ते धरलेच आहेत. आता प्रश्न फक्त नव्याने भरायच्या ५०० चा आहे.

दोन, "पाच वेळा कलर अडला, आता येणारच." पत्त्यांना मागचा डाव आठवत नाही. पिसून वाटल्यावर दर वेळी शक्यता तीच, ४६ पैकी ९.

तीन, "मी टाकले आणि नेमका बदाम आला!" हे सगळ्यात जास्त छळतं. पण ४६ पैकी ९ वेळा बदाम येणारच होता. बदाम आला म्हणून पॅक चुकीचा ठरत नाही आणि बदाम नाही आला म्हणून चांगल्या किमतीचा कॉल चुकीचा ठरत नाही. निर्णयाची परीक्षा शेवटचं पान उघडण्याआधीच झालेली असते.

आणि कायद्याचं काय?

हे सगळं वाचून मोबाइलवर पैसे लावायचा विचार असेल तर थांबा. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा मंजूर केला. त्यानुसार पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंदीच्या कक्षेत येतात, मग तो खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा. ऑनलाइन पोकरही त्यात आलं. टेबलावरच्या जुगाराबाबत महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. राज्यात कॅसिनोसाठी १९७६ मध्ये एक कायदा केला गेला होता, पण तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. गोव्यात मात्र तिथल्या जुगार कायद्यातल्या तरतुदींनुसार परवानाधारक कॅसिनो चालतात.

आणि हिशोब कितीही बरोबर असला तरी ३५ टक्क्यांच्या चांगल्या कॉलवर तुम्ही १०० पैकी ६५ वेळा हरणार आहात. सलग सात-आठ वेळा हरणंही त्यात आलं. जे पैसे गेले तर घरखर्चाला धक्का बसेल, त्या पैशांवर हे गणित लावताच येत नाही. मित्रांसोबत खोट्या चिप्सवर खेळूनही ते तितकंच छान शिकता येतं.

थोडक्यात, ऑल-इन आला की

१. कॉलची रक्कम भागिले कॉलनंतरचा एकूण पॉट. ही झाली किंमत.

२. आउट्स मोजा, दोनदा मोजलेली आणि धोक्याची पानं वजा करा.

३. एक पान बाकी असेल तर २ ने, दोन बाकी असतील तर ४ ने गुणा.

४. समोरचा कसा खेळतो ते बघून आकडा थोडा कमी-जास्त करा.

५. स्पर्धा असेल तर बाहेर जाण्याची किंमत त्यात धरा.

६. शक्यता किमतीपेक्षा जास्त असेल तर कॉल. नसेल तर पत्ते टाका, आणि पुढचं पान कुठलं आलं असतं हे विचारू नका.